यंदाचं गिऱ्हाईक

कोल्हापुरात कुणालाही 'काय चाललंय?' असं विचारा, 'निवांत' हेच उत्तर येतं. पायाला प्लॅस्टर घालून पडलेला माणूसही निवांत असतो आणि मुलगी पाहायला येणारे पाहुणे दारात उभे असताना घरचा बापही निवांत असतो. नाना इंगवल्यांना मात्र या शब्दाचं वावडं होतं. कारखान्याच्या बसमध्ये कुणाच्या तोंडून तो चुकून निघाला, की नाना मान मागं वळवून त्याच्याकडे नीट निरखून बघायचे आणि म्हणायचे, "निवांत मढं असतंय. तू अजून श्वास घ्यालाईस न्हवं?"

नाना आमच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते, मी टाइम ऑफिसात. ते शिवाजी पेठेतून बसला चढायचे, मी पुढच्या थांब्यावर. त्यांच्या शेजारची जागा माझी, हे न बोलता ठरून गेलं होतं. नोकरीची बहुतेक वर्षं मी त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून प्रवास केला. माणूस म्हणून ते मला कधीच आवडले नाहीत. आणि ज्या दिवशी ते बसला नसायचे त्या दिवशी रस्ता संपता संपायचा नाही, हेही तितकंच खरं.

दिसायला अगदी सभ्य. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा, कातरलेली बारीक मिशी. एखाद्या हायस्कुलातले चित्रकलेचे सर म्हणून सहज खपून गेले असते. बोटं लांब होती आणि त्या बोटांना एक क्षण उसंत नसे. शेंगा फोडायचे, दाणे सोलायचे, दाणे आपण खायचे आणि टरफलांचा ढीग बोलता बोलता समोरच्याच्या टेबलावर रचायचे. समोरचा माणूस उठताना हात झाडायचा आणि टरफलं त्याच्याच मांडीवर पडायची. नाना तेवढ्यासाठी अर्धा तास बोललेले असायचे.

ज्यांनी साखर कारखान्यात दिवस काढले नाहीत त्यांना ऑफ सीझन म्हणजे काय ते सांगायला हवं. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो आणि मग जेवायलाही सवड राहत नाही. गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग, काट्यावर भरल्या गाडीचं वजन, उतरून आली की रिकाम्या गाडीचं वजन, शेतकऱ्यांचा आरडाओरडा, कपड्यांना मळीचा वास. मग होळी-पाडव्याच्या सुमाराला एक दिवस शेवटची गाडी उतरते, पट्टा पडतो, म्हणजे हंगाम बंद होतो, आणि सगळं गप्प होतं. हंगामी कामगार आपापल्या गावाला किंवा मिळेल त्या कामावर जातात. आम्ही कायम नोकरीवाले मात्र रोज वेळेवर येतो, सही करतो आणि बसतो. मशिनवाल्यांना खोलाखोली, साफसफाई तरी असते. काट्याला काय असणार? भर उन्हाळ्यात आणि पुढं पावसाळाभर, ज्याच्यावर कुठलीही गाडी चढणार नाही अशा लोखंडी प्लॅटफॉर्मकडे बघत बसायचं. काचेच्या केबिनमध्ये आकड्याची लाल पेटी, आणि तिच्यात दिवसभर शून्य.

प्रत्येकानं आपापली सोय करून घेतली होती. लॅबमधले केमिस्ट कोडी सोडवायचे. स्टोअरकीपर मगदूम स्वतःची नाडी मोजायचे. नव्या पोरांचे अंगठे मोबाईलवर चालायचे. नानांना मोबाईलचा तिटकारा. "दुसऱ्यानं चघळून टाकलेला ऊस हाय त्यो," म्हणायचे, "त्यात रस कुठला?" मी एकदा त्यांना डिवचायला म्हटलं होतं, "नाना, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलं झालंय आपलं." ते गंभीरपणे म्हणाले, "भिंतीला कशापायी, टाइमसायब? माणसं काय मेल्यात?"

आणि ते दर वर्षी एक माणूस निवडायचे. पट्टा पडला की आठवडाभरात कँटीनमध्ये कुजबूज सुरू व्हायची: नानांचं यंदाचं गिऱ्हाईक कोण? ज्याच्यावर संशय असे तो चार दिवस रजा टाकायचा. बाकीचे आपण सुटलो म्हणून चहा पाजायचे. आणि एकदा गिऱ्हाईक ठरलं की अख्खा कारखाना नानांच्या बाजूनं. कारण कंटाळा सगळ्यांनाच आलेला असायचा आणि दुसऱ्याच्या फजितीइतकं स्वस्त औषध त्यावर नाही. नानांचं एक वाक्य आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी होतं: "ऊस गाळला की साखर निघती. माणूस गाळला की करमणूक."

मगदुमांचं वर्ष मला सगळ्यात आधी आठवतं. मगदूम म्हणजे खिशात गोळ्यांची डबी घेऊन फिरणारा माणूस. जेवणाआधी एक, जेवणानंतर एक, आणि शिंक आली तर जादा एक. एके दिवशी नाना त्यांना म्हणाले, "मगदूमसायब, एवढा काटा रिकामा हाय, जरा चढा की. वजन तरी कळंल." मगदूम डबा, छत्री, बूट, स्वेटर अशा सरंजामानिशी चढले. आकडा सत्तर. महिन्यानं नानांनी पुन्हा बोलावलं. आता उन्हाळा कडक होता, स्वेटर घरी होता. डबा टेबलावर ठेवायला लावला, बूट काढायला लावले, "लोखंडावर अनवाणी उभं राहावं, वजन खरं येतंय." आकडा साठ.

आता, गाड्या मोजायचा काटा तो. मधलं काही त्याला दिसतच नाही. सत्तर नाहीतर साठ, दहा-दहाच्या उड्या. हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, मगदुमांनाही होतं. पण ज्याला आजार हवाच असतो त्याला ठाऊक असलेलंही आठवत नाही. ते उतरले तेव्हा तोंडावर रंग नव्हता. नाना हळूच म्हणाले, "महिन्यात धा किलो? कुणास्नी सांगू नका. पण घरातल्यांना सांगून ठेवा."

त्यानंतर रोज एकानं, फक्त एकानंच, वाटेत भेटून विचारायचं, "मगदूमसायब, बरं हाय न्हवं?" बस्स. यापेक्षा जास्त नाही. ही शिस्त नानांची. पावसाळा लागेपर्यंत मगदुमांनी सांगली-मिरजेपर्यंतचे डॉक्टर केले, सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आणि त्या धसक्यानं ते खरंच वाळले. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटताना नानांनी सगळ्यांसमोर गंमत फोडली. मगदूम हसले. त्यांना हसावंच लागलं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या मुठीत आपट्याच्या पानांचा चुरा झाला होता.

तुम्ही म्हणाल, कुणी अडवलं कसं नाही. नाना माणूस तसा उपयोगी होता. कुणाच्या घरी मयत झाली की पहिला पोचणार, लाकडापासून टॉवेलपर्यंत सगळं बघणार. लग्नात पंगती वाढणार. काम असलं की या माणसासारखा सज्जन नाही. सीझनमध्ये दोन पाळ्या सलग काढायचे, काट्यावर कुणाची फसवणूक होऊ द्यायचे नाहीत, आणि रागावलेल्या शेतकऱ्याला "पावणं, पाणी प्या आधी" म्हणून बसवायचे. हात रिकामे झाले की मात्र त्यांच्यातलं दुसरंच काहीतरी उठून बसायचं. "कामानं माणूस मरत न्हाय," ते म्हणायचे, "बसून मरतंय." हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत जी भीती दिसायची ती खोटी नव्हती. आयुष्यात दुसऱ्या कशालाही ते घाबरले नाहीत.

मग सदाशिव पोवारचं वर्ष आलं.

सदाशिव केन यार्डात हंगामी. चाळिशीचा, रुंद खांद्याचा, बोलायला कमी. सीझनमागून सीझन तो ट्रॅक्टर रांगेला लावत आला होता आणि प्रत्येक वेळी 'पुढच्या साली कायम करू' हे ऐकून गावाकडे परत जात होता. कायम होणं ही त्याची एकच गोष्ट होती. दुसऱ्या कशावर तो बोलतच नसे. त्याच्या मागून आलेले कायम झाले, त्याचं राहिलं. त्या वर्षी पट्टा पडल्यावर तो सहज काट्यावर टेकला आणि नानांना म्हणाला, "नाना, औंदा काय हुतंय काय आमचं?"

नानांच्या बोटांतली शेंग थांबली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"चेअरमनसायबांची गाडी रोज इथनं जाती," नाना म्हणाले. "काट्याजवळ आली की हळू हुती. बघितलाईस कवा?"

सदाशिवनं बघितलं होतं. गाडी हळू व्हायचीच, कारण तिथं स्पीड ब्रेकर होता.

"का हळू हुती? ऑफ सीझनला कोण राबतंय ते सायब बघत्यात. ध्यानात ठेवत्यात. तू गावाकडं जाऊन बसलास तर तुला कोण बघणार?"

"मग काय करू?"

नानांनी लाल पेटीकडे बोट केलं. "उन्हाळ्या-पावसाळ्यात ह्या काट्याचं शून्य हलतंय. लोखंड तापतंय, मग दमट हवा. ते हललं की लगोलग मला सांगायचं. जबाबदारीचं काम हाय, कुणालाबी देता येत न्हाय. पगार मिळणार न्हाय, आधीच सांगतोय. पण नाव लागंल."

आणि सदाशिव बसला. सकाळी सायकलवरून यायचा, पायरीवर चप्पल काढायचा, नानांनी दिलेल्या स्टुलावर बसायचा आणि शून्याकडे बघायचा. जेवायची वेळ झाली की नानांना विचारायचा, "जरा बघता काय तुमी? मी चार घास खाऊन येतो." नाना म्हणायचे, "जा, जा, मी हाय," आणि तो गेला की आम्हा सगळ्यांना हसून हसून ठसका लागायचा. लोक मुद्दाम काट्यावरून जायचे. "सदाभाऊ, हललं काय?" "न्हाय अजून." चेअरमनची गाडी आली की तो पाठ ताठ करायचा. काचा काळ्या. आत चेअरमन होते की नुसता ड्रायव्हर, कुणाला माहीत.

पण त्या वर्षी नानांची करमणूक हवी तशी रंगेना. मगदूम कसे रोज थोडे थोडे खचत गेले होते. सदाशिव खचेना. तो कंटाळेचना. दिवसभर बसून संध्याकाळी तो सकाळइतकाच ताजा उठायचा. नाना शेजारी बसून चुळबुळ करायचे, उठायचे, फेऱ्या मारायचे. एकदा बसमध्ये मला चिडून म्हणाले, "त्यो काय बघतोय वो तिथं? काय दिसतंय त्याला?" मी म्हटलं, "शून्य." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्यामुळंच असेल, पुढचं त्यांनी केलं. श्रावणात सदाशिव जरा घाईनं केबिनमध्ये आला. त्याच्या मेहुण्यानं जयसिंगपुरात एका मिलमध्ये त्याच्यासाठी शब्द टाकला होता. वॉचमनची जागा, बारा महिन्यांची, राहायला खोली. दोन दिवसांत हजर व्हायचं होतं. "जाऊ काय, नाना?" त्यानं विचारलं. केबिनमध्ये आम्ही पाचसहा जण होतो. इथं गंमत संपायला हवी होती. 'जा' एवढा एक शब्द पुरला असता.

नानांनी दाण्याचं साल फुंकून उडवलं. "जा की. मी कशाला अडवू? पण उद्या चेअरमनसायबांनी इचारलं, त्यो सदाशिव कुठं गेला, तर काय सांगू तेवढं सांगून जा."

सदाशिव स्टुलावर जाऊन बसला. मला हसू आलं नाही, पण मी तोंडही उघडलं नाही. कुणीच उघडलं नाही.

बॉयलर पेटला त्या दिवशी कायम झालेल्यांची नावं गेटवर लागली. सदाशिव पोवार त्यांत नव्हता. तो दोनदा वाचून काट्यावर आला. त्याच्या मागोमाग बघ्यांची गर्दी, कारण ऑफ सीझनचा शेवटचा खेळ होता. नानांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आरं, गंमत केली मर्दा. शून्य कवा हलतंय व्हय? दिवस जाईनात म्हणून केलं."

सदाशिवनं लाल पेटीकडे एकदा बघितलं. मग नानांना विचारलं, "मग गेलं काय दिवस तुमचं?"

"गेलं की. झकास गेलं."

"मग बरं झालं," तो म्हणाला आणि चपला घालून यार्डात गेला. बाहेर पहिले ट्रॅक्टर येऊन थांबले होते.

यानंतर नानांची नोकरी फार उरली नव्हती. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि 'आता नानांनी निवांत राहावं' असं भाषण झालं. सभा हसली. नाना हसले नाहीत. पेठेत त्यांनी काही दिवस गिऱ्हाइकं शोधली, पण पेठ म्हणजे कारखाना नव्हे. तालमीच्या कट्ट्यावरच्या पोरांना त्यांनी फुटबॉलच्या मॅचवरून एकमेकांत झुंजवलं, ते उघडकीला आलं आणि पोरांनी त्यांना कट्ट्यावर बसायची बंदी केली. घरात सुनेलाच गिऱ्हाईक केलं, ती माहेरी जाऊन बसली ती त्यांनी 'गंमत' थांबवल्याशिवाय परत आली नाही. मग ते वरच्या खोलीच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारू लागले. आणि एका सकाळी तिथंच झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

मी बरेच दिवस गेलो नाही. गेलो तो यंदाच्या ऑफ सीझनमध्ये, निवृत्त झाल्यावर, माझेही दिवस जाईनासे झाल्यावर. खाली नानांच्या मुलाचं, विक्रमचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो एक फोन उघडून बसला होता. म्हणाला, "काका, वर जा. बाबांना बघायला देवमाणूस मिळालाय. तुमच्या कारखान्यातलाच. बातमी कळल्यावर आपणहून आला. म्हणाला, नानांच्या हाताखाली बसलोय, मला सवय हाय. पट्टा पडला की येतो, दिवाळीला परत कारखान्यावर. दिवसभर जागचा हलत नाही, मोबाईलसुद्धा बघत नाही."

जिना चढताना मला कोण ते कळलं होतं.

खोली लख्ख होती. चादर स्वच्छ, नानांची दाढी केलेली, मिशी पूर्वीसारखी कातरलेली, नखं कापलेली, अंगावर कुठं जखम नाही. कुठल्या डॉक्टरनं नाव ठेवू नये अशी सेवा. फक्त खाट फिरवलेली होती. खिडकी नानांच्या डोक्यामागं होती आणि बंद होती. टीव्हीवर चादर टाकली होती. समोर पिवळट भिंत, तिच्यावर एक खिळा.

"इथं घड्याळ होतं ना?" मी विचारलं.

"टिकटिक तरास देती त्यास्नी," सदाशिव म्हणाला. तो खाटेच्या मागं स्टुलावर बसला होता. तिथून त्याला नाना दिसत होते, नानांना तो दिसत नव्हता.

मी पुढं होऊन नानांसमोर बसलो. डोळे पूर्वीचेच होते, तल्लख. आत सगळं जागं होतं. मी म्हटलं, "नाना, मगदुमांनी घरात वजनकाटा घेतलाय. रोज सकाळी चढतात." नानांचं अर्धं तोंड हललं. हसत होते. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, डावा हात माझ्या मनगटावर आला आणि ती लांब बोटं आवळली गेली. आणखी सांग, आणखी सांग, एवढंच ती बोटं म्हणत होती.

सदाशिव उठला, त्यानं हळुवार हातानं नानांचं तोंड पुसलं आणि एकेक बोट माझ्या मनगटावरून सोडवलं. "जास्ती बोलू नका, सायब. डॉक्टरनी सांगितलंय."

"खिडकी तरी उघड."

"धूळ येती."

"मग टीव्ही लाव."

"डोळं दुखत्यात त्यांचं."

"ते म्हणाले तसं?"

"बोलत न्हाईत की ते." त्यानं चादरीची घडी सरळ केली आणि आवाज न चढवता म्हणाला, "काळजी करू नका, सायब. माणूस बसून मरत न्हाय. मी बसून बघितलंय."

मला नानांची कीव आली. आणि लपवून काय करू, मगदुमांच्या मुठीतला तो चुरा आठवून थोडं बरंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं. मी उठलो आणि खिडकी स्वतः उघडली. खाली गल्लीत पोरं फुटबॉल खेळत होती, कुणीतरी कुणाला आईवरून शिवी दिली, भिंतीवर चेंडू आपटला. नानांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ती वळली नाही, पण डोळे कोपऱ्यापर्यंत जाऊन तिथंच थांबले. मी पायांत चपला घातल्या.

जिन्याच्या मधल्या वळणावर असताना वर खिडकीची कडी लागल्याचा आवाज आला.

विक्रमनं फोनवरून मान वर केली आणि मला नव्हे, जिन्याच्या वरच्या दिशेनं हाक मारली, "सदाभाऊ, बाबा कसे आहेत?"

वरून लगेच उत्तर आलं.

"निवांत हाईत."